जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत कला पोचवायची तर नियोजन कुठून सुरू करायचं?

जिल्हा परिषदेच्या एखाद्या प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला ‘निसर्गचित्र काढा’ म्हणून सांगा. दहा मिनिटांत बहुतेक कागदांवर एकच चित्र उतरतं. दोन डोंगर, मधून डोकावणारा अर्धा सूर्य, बरोबरच्या खुणेसारखे पक्षी, नागमोडी नदी आणि एक झोपडी. ब्रह्मपुरीच्या सपाट धानपट्ट्यातली मुलंही हेच काढतात आणि देवगडच्या समुद्रकाठची मुलंही. मुलांचा हात वाईट नसतो. आपलं घर, गोठा, एसटीचा थांबा चित्र काढण्यासाठी म्हणून त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो. तसं पाहायला शिकवायचं तर आठवड्यात एक ठरलेली वेळ हवी, थोडं साहित्य हवं आणि ‘हे असंच काढ’ न म्हणणारं मोठं माणूस हवं. एखाद्या उत्साही गुरुजींच्या शाळेत हे जमून जातं. जिल्ह्यातल्या शेकडो शाळांत जमवायचं असेल, तर उत्साहाच्या जोडीला हिशेब लागतो. हा लेख त्या हिशेबाबद्दल आहे.

कागदावर कलेची जागा पक्की आहे. कला हा पहिलीपासूनचा विषय आहे, त्याची नोंद प्रगतिपुस्तकात होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं अभ्यासाचे विषय आणि ‘इतर उपक्रम’ यांच्यातली भिंत काढायला सांगितलं आहे, शिवाय सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत. महाराष्ट्रात 2024 पासून पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आहे. प्रत्यक्षात मात्र बऱ्याच शाळांत कला म्हणजे स्नेहसंमेलनाआधीचे पंधरा दिवस. त्यातही नाच बसवला जातो आठ-दहा मुलांचा आणि बाकीची मुलं प्रेक्षक. जिल्ह्याचा आराखडा करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी मनाशी ठरवावी, की स्नेहसंमेलन हा कार्यक्रम आहे आणि आपण योजना करतो आहोत ती तासिकेची.

आधी मोजणी

नियोजन नेहमी तालुक्यातल्या सगळ्यात लहान शाळेपासून करावं. मोठ्या शाळेसाठी केलेली योजना लहान शाळेत चालत नाही. लहान शाळेत चालणारी योजना मोठ्या शाळेत सहज चालते.

उदाहरणादाखल एक तालुका धरू. शाळा 140, केंद्रं (म्हणजे जवळपासच्या शाळांचे गट) 12. यातल्या निम्म्याहून जास्त शाळा द्विशिक्षकी, म्हणजे पहिली ते चौथी चार वर्ग आणि शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तिथेच. आपल्या तालुक्यात सहावी ते आठवीचे वर्ग असलेल्या शाळा 38 धरल्या, तर शंभरीची अट पार करणाऱ्या आठ-नऊच निघतील. म्हणजे कायद्यातली ती तरतूद पूर्ण अमलात आली तरी 130 हून जास्त शाळांना कलेचा स्वतंत्र शिक्षक मिळत नाही.

मग कुणीतरी सुचवतं, तालुक्याला एक फिरता कलाशिक्षक द्या. कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान 200 दिवस आहेत. 200 ला 140 नं भागा. प्रत्येक शाळेच्या वाट्याला वर्षभरात दीड दिवससुद्धा येत नाही. फिरत्या शिक्षकानं दर पंधरवड्याला एक पूर्ण दिवस प्रत्येक शाळेत द्यायचा असेल आणि शनिवार तयारीसाठी मोकळा ठेवायचा असेल, तर एका माणसाला दहाच शाळा झेपतात. तालुक्याला चौदा माणसं लागतील. आर्थिकदृष्ट्या हे आज जमणारं नाही. एकाच माणसाला 140 शाळा देऊन ‘योजना सुरू आहे’ म्हणणं तर मुलांवर अन्याय आहे.

उत्तर उरतं ते एकच. पहिली ते पाचवीपर्यंत कला वर्गशिक्षकच शिकवणार. तज्ज्ञाचं काम वर्गशिक्षकाला तयार करण्याचं. सहावीपासून पुढे मात्र, जिथे कौशल्य खरंच लागतं, तिथे तज्ज्ञानं स्वतः वर्ग घ्यावा.

म्हणून मोजणीचा दुसरा भाग माणसांचा. प्रत्येक शिक्षकाकडून एका पानाची माहिती घ्यायची. पदविका विचारू नका, हातातलं कसब विचारा. भजनी मंडळात पेटी धरता का, ढोलकी वाजवता का, गणपतीचं मखर करता का, रांगोळी, शिवण, विणकाम, नाटकात काम, काहीही. ‘कलाशिक्षक किती’ या प्रश्नाला शून्य उत्तर येणाऱ्या केंद्रातही या यादीत चार-पाच नावं निघतातच. त्यातून केंद्राला दोघं निवडायचे, एक चित्र-हस्तकलेकडचा आणि एक गाणं-नाटकाकडचा. आपण त्यांना कलासोबती म्हणू. बारा केंद्रांचे चोवीस.

इथे एक चूक हमखास होते. सगळ्यात हौशी शिक्षक द्विशिक्षकी शाळेतला असतो आणि त्यालाच नेमलं जातं. तो महिन्यातून दोन दिवस दुसऱ्या शाळांत गेला, की मागे एका शिक्षकावर चार वर्ग पडतात. गावात तक्रार होते, केंद्रप्रमुख अडचणीत येतात आणि तिसऱ्या महिन्यात काम थांबतं. कलासोबती पाच किंवा जास्त शिक्षक असलेल्या शाळेतूनच घ्यावा. द्विशिक्षकी शाळेतला हौशी माणूस हवाच असेल तर बाकीच्यांनी त्याच्या शाळेत जाऊन शिकावं. दुसरी अडचण बदल्यांची. तयार झालेला माणूस तालुक्याबाहेर गेला की त्याचं काम त्याच्यासोबत जातं. म्हणून दोघांची जोडी आणि केलेल्या प्रत्येक उपक्रमाची साहित्य-कृतीसह नोंदवही. ही वही केंद्रशाळेत राहिली पाहिजे, घरी नाही.

वेळ कुठून काढायची

आठवड्याला सलग दोन तासिका हव्यात. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या एका तासिकेत साहित्य वाटण्यात दहा आणि आवरण्यात दहा मिनिटं जातात. मुलाच्या हातात कुंचला येतो आणि घंटा होते. सुट्या दोन तासिकांपेक्षा जोडतासिका एकच असली तरी चालेल.

शनिवारची सकाळ सोयीची वाटते, पण बैठका, प्रशिक्षणं आणि सभा यांच्यात सगळ्यात आधी शनिवारच जातो. आमच्या मते चित्र आणि मातीकाम आठवड्यातल्या एखाद्या मधल्या दिवशी शेवटच्या दोन तासिकांना ठेवावं. शनिवारी नाटक, लेझीम, गाणी, परिसरात फिरून पाहणं असं साहित्य न लागणारं काम घ्यावं. शेवटची तासिका अशासाठी, की हात-भांडी धुवायला लागलेला वेळ पुढच्या गणिताच्या तासात शिरत नाही.

द्विशिक्षकी शाळेत चारही वर्ग एकत्र घ्यावेत. लोक याला अडचण समजतात, पण कलेत ते बळ आहे. गट मिश्र वयाचे करायचे, एका गटात पाच मुलं. समजा ठशांचं काम आहे. भेंडी, कांदा, कारल्याची चकती, शिरा ठळक असलेली पानं. पहिली-दुसरीची मुलं ठसे उमटवतात. तिसरी-चौथीची मुलं त्या ठशांची क्रमाने किनार जमवतात. कुठला ठसा किती जागा सोडून यायला हवा हे ती मोजतात, खुणा करतात. कारल्याच्या चकतीला थेट वाटीतला रंग लावला की बियांच्या फटी बुजतात आणि नुसता गोळा उमटतो. रंगात भिजवून पिळलेली चिंधी बशीत पसरायची आणि ठसा तिच्यावर दाबायचा. मग कडा स्वच्छ येतात. एवढी एक गोष्ट शिक्षकाला आधी हातानं करून माहीत असली, की तास फसत नाही.

ऋतू पाहून वर्ष आखा

जिल्ह्याचं वार्षिक वेळापत्रक बहुधा महिन्यांच्या रकान्यांत भरलं जातं, हवा कुणी पाहत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात, घाटमाथ्यावर कागद दमट होतो, रंग वाळत नाहीत, चित्रं एकावर एक ठेवली की चिकटतात. हे महिने गाण्याचे, तालाचे, नाटकाचे आणि मातीचे. पोळ्याआधी मातीचे बैल घरोघरी होतातच, त्यांनाच वर्गात आणायचं. कागदावरचं रंगकाम दिवाळीनंतर.

माती गावातलीच घ्यावी. कुंभाराकडची किंवा तळ्याकाठची चिकण माती दोन दिवस पाण्यात भिजवायची, जुन्या कापडातून किंवा चाळणीतून गाळायची, निवळू द्यायची आणि पाणी काढून मळायची. एका मुलाला 300 ग्रॅम पुरते. तीस मुलांना नऊ किलो. ती पुन्हापुन्हा भिजवून वापरता येते, त्यामुळे वर्षाची खरेदी जवळजवळ नाहीच. बैल उन्हात ठेवले की बाहेरून आधी सुकतात आणि पायाशी तडकतात. सावलीत, ओल्या फडक्याखाली दोन-तीन दिवसांत सावकाश सुकू द्यायचे. पाय वेगळे करून चिकटवण्यापेक्षा एकाच गोळ्यातून ओढून काढले तर निखळत नाहीत. चिकटवायचेच असतील तर दोन्ही बाजूंना काडीनं चरे पाडून मध्ये पातळ चिखल लावायचा.

कागदाचा हिशेब असा. सुट्ट्या, परीक्षा, सणवार वजा जाता वर्षात साधारण तीस जोडतासिका हाती लागतात. त्यातल्या बारा कागदकामाच्या धरू. तीस मुलं गुणिले बारा, 360 कागद. खराब होणारे धरून 450 घ्यावेत. रंगांच्या चोवीस छटांचे डबे नकोत. लाल, पिवळा, निळा, काळा यांची 500 मिलिलिटरची एकेक बाटली आणि पांढऱ्याच्या दोन, कारण पांढरा दुप्पट लागतो. हिरवा विकत मिळाला की मुलं झाडाला तोच एक हिरवा लावतात. निळ्या-पिवळ्यातून स्वतः करावा लागला, की चिंचेचा हिरवा वेगळा आणि केळीचा वेगळा हे मुलांना आपोआप दिसतं. प्रत्येक मुलाला दोन्ही प्रकारचे कुंचले लागत नाहीत. तीस मुलांना पंधरा गोल आणि पंधरा चपटे घेऊन गटात वापरले तर पुरतात, फक्त धुतल्यावर केस वर करून किंवा आडवे वाळवायचे. डब्यात केसांवर उभे ठेवले की महिन्याभरात वाकडे होतात.

गेरू, चुना, कोळसा, नीळ हे रंग बाजाराशिवायही होतात, पण त्यांना बांधणारा डिंक लागतो. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक एक भाग, पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून गाळून घ्यायचा आणि त्यात रंग घोटायचा. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग हाताला लागतो. जास्त झाला तर त्याला भेगा पडून पोपडे निघतात. पावसाळ्यात हे मिश्रण आठवड्यात आंबतं, लागेल तेवढंच करावं. चुना मुलांच्या हाती भिजलेला आणि निवलेलाच द्यावा, कळीचा चुना मोठ्यांनीच भिजवायचा, कारण तो भिजताना उकळतो.

गाण्याबद्दल एकच सांगायचं आहे. शाळेत गाणं बहुधा गुरुजी स्वतःच्या सुरात उचलतात. पुरुषाच्या आवाजाला सोयीचा सूर मुलांना खाली जातो, मग मुलं ओरडून गातात आणि बेसूर होतात. एखाद्या मुलीनं गाणं उचलावं आणि तोच सूर धरावा. ध्वनिक्षेपकावर तयार गाणं लावलं तर मुलं नुसतं तोंड हलवतात. वाद्यांत पेटीवर पैसे घालण्याआधी टाळ, खंजिरी, डफ घ्यावेत. पेटी वाजवणारा एक आणि ऐकणारे तीस, शिवाय सुट्टीत उंदीर भाता कुरतडतात. कातड्याची वाद्यं पावसात उतरतात, उबेला धरली की पुन्हा चढतात. बिघडली म्हणून ती टाकून देण्याचं कारण नाही.

पैसा आणि त्याची तारीख

‘समग्र शिक्षा’ या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेतून शाळेला पटाप्रमाणे संयुक्त अनुदान ठरलेलं आहे. तीस मुलांपर्यंत 10 हजार, शंभरपर्यंत 25 हजार, अडीचशेपर्यंत 50 हजार. बेचाळीस मुलांच्या शाळेला 25 हजार मंजूर होतात, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यातून वीजबिल, डागडुजी, खडू-कागद. यात कलेचं साहित्य ‘जमलं तर’ असं असेल तर ते जमत नाही. म्हणून तीन वाटा एकाच वेळी धरायच्या. जिल्हा परिषदेच्या सेस फंडात (तिच्या स्वतःच्या उत्पन्नातल्या निधीत) कलासाहित्याची वेगळी ओळ, समग्र शिक्षेच्या वार्षिक आराखड्यात मागणी आणि ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात शाळेची नोंद.

इथे तारीख चुकली की वर्ष गेलं. समग्र शिक्षेचा पुढच्या वर्षाचा आराखडा आदल्या हिवाळ्यातच बांधायला घेतात. जूनमध्ये सुचलेल्या योजनेला त्या वर्षी पैसा नसतो. शाळांची मोजणी दिवाळीपर्यंत, मागणी डिसेंबरमध्ये. दुसरा धोका मार्चअखेरचा. निधी फेब्रुवारीत आला तर घाईनं खरेदी होते, पेट्या एप्रिलमध्ये शाळेत पोचतात आणि मे महिना पत्र्याखालच्या खोलीत काढतात. मेणखडू एकमेकांना चिकटतात, सैल झाकणाचे रंग वाळून दगड होतात. उशिरा निधी आला तर कागद, कात्र्या, टाळ, डफ असं टिकाऊ सामान त्यातून घ्यावं. रंग जूनमध्ये केंद्राच्या सगळ्या शाळांनी एकत्र घ्यावेत, भाव चांगला मिळतो.

गावातला कलावंत

महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्याला आपली कला आहे आणि ती शिकवणारी माणसं शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात. पालघरमध्ये वारली, सिंधुदुर्गात दशावतार आणि पिंगुळीची चित्रकथी, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदिया-भंडाऱ्यात झाडीपट्टीचं नाटक आणि दंडार, माणदेशाकडे धनगरी गजनृत्य. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये आणि झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. एवढ्या तोलाची विद्या ज्या मुलखात आहे, तिथल्या शाळेनं तिला वर्षातला एक ‘कार्यक्रम’ देऊन भागवू नये. एका कलावंताला एका केंद्रात सहा भेटी द्याव्यात, त्याच मुलांबरोबर.

त्यांचं वर्ष मात्र पाहायला हवं. दशावतार आणि झाडीपट्टी, दोन्हींचा हंगाम दिवाळीनंतर उभा राहतो. तेव्हा हे लोक रात्री प्रयोग करतात, सकाळी दहाला शाळेत कुठून येणार? जून-जुलैत भाताची लावणी असते आणि त्यातले बरेच जण शेतावर असतात. मोकळा काळ ऑगस्ट-सप्टेंबरचा. भेटी तेव्हाच ठेवाव्यात.

मानधन हा सगळ्यात नाजूक भाग. कलावंत येऊन शिकवून जातात आणि पैसे सहा महिने अडकतात, कारण लेखा विभागाला देयक हवं असतं आणि त्यांच्याकडे छापील बिल नसतं. सरकारी योजनेचा पैसा पीएफएमएस या सरकारच्या ऑनलाइन प्रणालीतून जातो, त्यात कलावंताचं बँक खातं आधी नोंदवावं लागतं. म्हणून पहिल्या भेटीच्या आधीच पासबुकाची प्रत घ्यायची, खातं चालू आहे की बंद पडलं आहे ते पाहायचं, दर शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहायचा आणि साध्या पावतीचा नमुना ठरवून ठेवायचा. मानधन वेळेवर न देणाऱ्या शाळेकडे कलावंत दुसऱ्यांदा येत नाही आणि त्यानं का यावं?

आणखी एक जपायला हवं. काही कला विशिष्ट जातीजमातींशी जोडलेल्या आहेत. त्या घरचं मूल वर्गात असेल तर त्याला चिडवलं जाण्याची भीती असते. पाहुण्यांना ‘सर’, ‘बाई’ म्हणायचं, परिपाठात त्यांची ओळख शिक्षक म्हणून करून द्यायची. त्या घरच्या मुलाला ‘तू करून दाखव’ असं सगळ्यांसमोर सुचवायचं नाही, ते स्वतः पुढे आलं तर गोष्ट वेगळी. वारलीचंही असंच. दोन त्रिकोण जोडून माणूस काढणं एका तासात येतं आणि मग सगळ्या भिंतींवर तेच होतं. लग्नचौक, म्हणजे लग्नाचं भिंतीवरचं चित्र, कोण काढतं, लग्नविधी करणारी धवलेरी काय गाते, तांदळाच्या पिठाचा रंग बांबूच्या काडीनं का उतरतो, हे कळल्यावर मुलं त्रिकोण जपून वापरतात.

शिक्षकांची तयारी

राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तिथून केंद्राला असं उतरत गेलेलं प्रशिक्षण शेवटी दोन तासांचं भाषण होतं. त्यापेक्षा दर महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत एक तास मागून घ्या. कलासोबती त्या महिन्याचा एकच उपक्रम शिक्षकांकडून हातानं करून घेतील. जमिनीवर बसून, माती मळून, गाणं म्हणून. पुढच्या महिन्यात प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या तीन मुलांचं काम आणायचं. उत्तम तीन नकोत, हजेरीपटावरचे कुठलेही तीन क्रमांक आधी ठरवून द्यायचे. शिक्षक चर्चा कशाची करतात हे त्यानं बदलतं. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेनं वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, चोवीस कलासोबतींची तीन-तीन दिवसांची कार्यशाळा घ्यावी. एवढं पुरतं.

पहिल्या वर्षी बाराही केंद्रं धरू नका. दोन घ्या. एक रस्त्यालगतचं आणि एक आडबाजूचं. दोन्ही चांगलीच केंद्रं निवडली तर काय अडणार आहे ते दुसऱ्या वर्षी दहा केंद्रांत एकदम कळतं.

नोंद कशाची ठेवायची

कलेला लेखी परीक्षा नाही, सगळं मूल्यमापन आकारिक, म्हणजे वर्षभर मुलाचं काम पाहून केलेलं आहे. हे योग्यच आहे. पण वर्णनात्मक नोंदी तयार यादीतून उतरवल्या जातात, ‘चित्रकलेत रस घेतो’, ‘गीत तालासुरात म्हणते’, आणि चाळीस मुलांची नोंद एकसारखी होते. नोंदीत पाहिलेली गोष्ट हवी: ‘बैलाचं वशिंड आधी केलं, मग मान बसेना म्हणून मोडून पुन्हा केलं.’ दर महिन्याला दहाच मुलांची अशी नोंद ठेवली तरी वर्षात वर्ग पूर्ण होतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंवरून उपक्रम झाला असं धरू नये. फोटोसाठी चार चित्रं पुरतात. प्रत्येक मुलाची एक चित्रसंचिका असावी, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यात दोरीनं बांधलेली, मागे तारीख घातलेली. केंद्रप्रमुखांनी भेटीत कुठल्याही पाच संचिका उघडायच्या आणि दोनच गोष्टी पाहायच्या. पहिल्या सत्राअखेर प्रत्येकीत निदान पाच कामं आहेत का? आणि शेजारी बसणाऱ्या दोन मुलांची चित्रं वेगळी आहेत का? पाचही संचिकांत तेच दोन डोंगर असतील तर शिक्षकाला बोल लावायचा नाही. कलासोबतीला त्या शाळेत पाठवायचं, मुलांना अंगणात नेऊन समोरच्या घराचं छप्पर पाहायला लावायचं. मंगलोरी कौलांची ओळ कुठे खाली झुकते, पत्र्यावर दगड का ठेवलेत, धूर कुठून निघतो.

चौथी-पाचवीनंतर मूल दुसऱ्या शाळेत जातं तेव्हा शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत ही संचिकाही त्याच्या हाती द्यावी, आणि नव्या शाळेतल्या बाईंनी पहिल्या आठवड्यात ती त्याच्याबरोबर बसून पाहावी.